मारुतीला कुठपर्यंत लागलंय?

२०२२ च्या जुलैतला पाऊस नाशिककरांना आठवत असेल. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, गोदाघाटावरच्या टपऱ्या हलवायची धावपळ चालू होती, आणि मी शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जनरल वॉर्डात, खिडकीजवळच्या बेडवर पडून होते. वॉर्डातला प्रत्येक नातेवाईक फोनवर एकच प्रश्न विचारत होता, "मारुतीला कुठपर्यंत लागलंय?"

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पेपरात क्युसेकचे आकडे येतात, पण ते आमच्या डोक्यात शिरत नाहीत. पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं असं म्हटलं की अख्ख्या नाशिकला कळतं आता काय करायचं ते. कमरेच्या वर चाललंय म्हटलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती जवळजवळ दिसेनासाच झाला होता, तेव्हाचे फोटो अजून लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत.

तर त्या रात्री सगळे मारुतीला विचारत होते, आणि मला कुणीच विचारलं नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी ॲडमिट झाले होते धडधडीसाठी. तीन आठवडे धड झोप नव्हती, हाताला मुंग्या यायच्या, शाळेत फळ्यासमोर उभी राहिले की पुढचा शब्दच सुचायचा नाही. मी सातवी-आठवीला गणित शिकवते, वीस वर्षं तेच शिकवतेय, झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि एक दिवस साधं समीकरण सोडवताना मी मधेच थांबले आणि पुढे काय तेच आठवेना. मुलं शांत बसली होती. त्यांना कळलं होतं मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

फॅमिली डॉक्टर म्हणाले एक दिवस ठेवून घेऊ, ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, सगळं एकदाच होऊन जाईल. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. घरचे खूश झाले आणि मला रडू आलं, कारण मनातून मला वाटत होतं काहीतरी निघावं, नाव असलेलं, गोळी असलेलं काहीतरी, म्हणजे लोकांना सांगता येईल.

संध्याकाळी ड्युटी बदलली आणि नवीन सिस्टर आली. विशीतली मुलगी. फाईल घेऊन ती भराभर विचारत होती, ॲलर्जी? नाही. आधी ऑपरेशन? सिझर. बीपी, शुगर? नाही. जेवण? बरंय. झोप? नाही येत. फाईल मिटता मिटता तिने सहज विचारलं, "अजून काही त्रास होतोय का मॅडम?"

आणि मी म्हटलं, "सिस्टर, मला जगावंसंच वाटत नाही."

मी हे ठरवून बोलले नव्हते. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नाही, ज्या मैत्रिणीला माझं सगळं माहीत असतं तिलाही नाही, आणि त्या अनोळखी मुलीपुढे एका वाक्यात बाहेर पडलं. आता वाटतं की अनोळखी होती म्हणूनच पडलं. घरच्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या चेहऱ्याचं काय होईल ते आधी बघावं लागतं. तिच्या चेहऱ्याची मला भीती नव्हती.

तिचं पेन थांबलं. "असं बोलायचं नाही मॅडम," ती म्हणाली. "मुलं आहेत ना तुम्हाला?" मी म्हटलं एक मुलगी आहे. "मग? तिच्याकडे बघायचं." आणि ती वळून इतक्या जोरात चालत गेली की तिच्या चपलांचा आवाज मला पार काउंटरपर्यंत ऐकू येत होता.

पाच-दहा मिनिटांत आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, आले. माझ्याकडे नाही आले, पडद्यापलीकडे नवऱ्याला बोलावून घेतलं. पडदा कापडाचा असतो हे हॉस्पिटलवाल्यांना कसं कळत नाही मला माहीत नाही, मला सगळं ऐकू येत होतं. "मॅडम असं बोलल्यात." "उद्या काही झालं तर पोलिस केस आमच्यावर येते." "आमच्याकडे असे पेशंट ठेवायची सोय नाही." "सकाळी दुसरीकडे हलवा, तोपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही." नवऱ्याचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. तो आत आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता, सही केलेला, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्यापासून काहीतरी चोरून ठेवलं होतं. एका अर्थी ठेवलं होतंच, पण ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

मग माझा बेड काउंटरच्या समोर नेला. वरची ट्यूब रात्रभर चालू. माझी बॅग उचलून नेली, आणि माझा चष्मासुद्धा. माझा नंबर मायनस साडेपाच आहे. चष्मा नसला की मला माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसता एक फिकट गोळा दिसतो, डोळे कुठे आहेत ते कळत नाही. म्हणजे ज्या रात्री मला एखाद्या माणसाच्या डोळ्यात बघायची सगळ्यात जास्त गरज होती, त्या रात्री मला एकाचाही चेहरा दिसला नाही. दर अर्ध्या तासाने एक पांढरा गोळा यायचा, वाकून बघायचा आणि जायचा. मी जागी आहे का झोपलेय एवढंच बघायला. जागी दिसले तरी कुणी बोललं नाही. कधीपासून असं वाटतंय, रोज वाटतं का, आत्ता वाटतंय का, काही ठरवलंय का, यातलं एकही वाक्य त्या रात्री कुणाच्या तोंडून निघालं नाही. आणि पलीकडच्या बेडवरच्या आजोबांचा मुलगा फोनवर विचारत होता, आता कुठपर्यंत आलंय रे, छातीला लागलं का?

सकाळी डिस्चार्ज झाला. 'आमच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत' असं लिहून घेतलं होतं. समरीत फक्त धडधड आणि अँक्झायटी. मी जे वाक्य बोलले त्याचा कुठे उल्लेख नाही. नवऱ्याला सांगितलं गेलं की मुद्दामच लिहिलं नाही, नाहीतर तुमचा क्लेम अडकेल. त्यांना खरंच वाटलं असेल की उपकार करतोय. पण पुढच्या डॉक्टरकडे जाताना माझ्या हातात जो कागद होता तो कोराच म्हणायचा.

आता दुसरी बाजू. ती मी नंतर समजून घेतली, कारण मला त्या मुलीचा राग मनात ठेवायचा नव्हता.

माझी मावसबहीण सतरा वर्षं वॉर्डात काम करते, हे हॉस्पिटल नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. तिला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अगं, मीपण असंच केलं असतं. पेशंट असं बोलला की वर कळवायचं, नातेवाईकाला थांबवायचं, हे आम्हाला माहितीये. पेशंटला काय बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नाही. आणि रात्री एक सिस्टर अन् तीस पेशंट असतात, मी तुझ्याजवळ बसले असते तर सलाईन कुणी बघितलं असतं?" मग थोड्या वेळाने तिने अजून एक सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिला एका बाईने असंच काहीतरी सांगितलं होतं, आणि तिने तिला देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं. त्या बाईचं पुढे काय झालं तिला माहीत नाही. "अजून आठवते," म्हणाली.

डॉक्टरांचीही भीती खोटी नाही. नातेवाईक येऊन काचा फोडतात, डॉक्टरांना मारतात, म्हणून तर आपल्या राज्याला २०१० साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे पेशंट असं काही बोलला की हॉस्पिटलच्या डोक्यात पहिला विचार येतो आपल्यावर काय येईल. सही घ्या, नातेवाईक बसवा, वस्तू काढा, दुसरीकडे पाठवा. यातल्या काही गोष्टी गरजेच्याही असतात, मी नाही म्हणत नाही, धोका असलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि आसपास धोक्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत हे बरोबरच आहे. पण हे सगळं करताना माणसाशी बोलायचं राहून गेलं तर त्याला एवढंच कळतं की मी तोंड उघडलं ही चूक झाली. मला तेच कळलं. मी त्या रात्री ठरवलं की परत कुणाला सांगायचं नाही. यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच होती असं मला आता वाटतं.

पोलिसांचं तर मला फारच लागलं होतं, म्हणून मी नंतर शोधून वाचलं. मनात विचार येणं हा आपल्याकडे कधीच गुन्हा नव्हता. भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम होतं ते प्रयत्नासाठी. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २०१८ च्या मेपासून लागू झाला, त्याच्या ११५ व्या कलमात सरळ म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ते जुनं ३०९ राहिलंच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर त्याचं एक वेगळं कलम आहे, तेवढंच. प्रयत्न करून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतात, तो भाग वेगळा. पण नुसतं 'जगावंसं वाटत नाही' म्हणणाऱ्या बाईच्या नवऱ्याला पोलिसांचं नाव सांगायचं काहीही कारण नाही.

'असे पेशंट ठेवायची सोय नाही' याचंही तसंच. याच कायद्याच्या ९४ व्या कलमात इमर्जन्सीची तरतूद आहे. जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, कुठल्याही दवाखान्यात, ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे असं नाही. आणि इन्शुरन्सचं म्हणाल तर कलम २१ म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यायचं. माहिती गुप्त ठेवायचंही कलम आहे, २३ वं. जीव वाचवायला घरच्यांना सांगावं लागलं तर ते चालतं, पण आधी मला एक वाक्य विचारता आलं असतं, "तुमच्या मिस्टरांना सांगू का? तुम्ही सांगता का मी सांगू?" एवढ्याने त्या पडद्यापलीकडचं सगळं बोलणं वेगळं झालं असतं.

आपल्या भाषेचाही एक घोळ आहे. आपण दिवसभर जीव जीव करत असतो. उन्हातून आलो की जीव गेला, मुलांनी सतावलं की जीव नकोसा केला, गर्दीत मेले बाई मी. माझी आजी रोज संध्याकाळी "आता ने रे देवा" म्हणायची आणि त्र्याण्णव वर्षं जगली. त्यामुळे खरंच कुणी म्हणालं की नको झालंय सगळं, तर आपल्या कानाला ते नेहमीचंच वाटतं आणि आपण चहा ठेवायला उठतो. माझ्या सासूबाईंना मी त्या महिन्यात दोनदा म्हटलं होतं, "आई, मला कंटाळा आलाय जगण्याचा." त्यांनी मला खरंच प्रेमाने मसाला दूध करून दिलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. त्या शब्दांच्या खाली किती पाणी आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दहा दिवसांनी माझी मोठी नणंद आली. तिने काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि मला एका मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बोलायचं नसेल तर नको बोलू, मी नुसती बाहेर बसते." दीड तास नंबर लागला नाही. मग एका लहानशा खोलीत एक शिकाऊ डॉक्टर होती, त्या सिस्टरपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आधी खुर्ची टेबलाच्या मागून काढून माझ्या बाजूला घेतली. धडधड, झोप, शाळा, सगळं ऐकून घेतलं. मग तिने आवाज न बदलता विचारलं, झोप कशी येते विचारावं तितक्याच सहज, "ताई, कधी असं वाटतं का की रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये?"

मी म्हटलं, वाटतं.

"जीव द्यावा असं मनात येतं का?"

येतं.

"रोज येतं का कधीमधी? आलं की किती वेळ राहतं?" मी सांगितलं. "कसं करायचं, कधी करायचं, असं काही मनात ठरलंय?" मी सांगितलं. "आज, आत्ता, इथे बसल्यावर किती वाटतंय?" मी विचार करून सांगितलं की आत्ता कमी आहे. आणि मग तिने विचारलं, "इतके दिवस हे विचार असूनही तुम्ही थांबलात. कशामुळे थांबलात?" याचं उत्तर मी इथे लिहिणार नाही. पण हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही.

परत येताना रिक्षा सीबीएसजवळ अडकली होती, पावसाने काच धूसर झाली होती, आणि मला एकदम लक्षात आलं की ही मुलगी तेच करत होती जे आपण पुरात करतो. पायाला लागलंय का, गुडघ्याला का कमरेला? सगळं पाणी सारखं नसतं. पायाला लागलेल्या पाण्यासाठी कुणी बाजार रिकामा करत नाही, आणि गळ्याला लागल्यावर कुणी देवाचं नाव घ्या म्हणून घरी बसत नाही. नुसतं जगण्याचा वीट आलाय, का मरायचे विचार येतात, का काही ठरवलंय, या तीन वेगळ्या पातळ्या आहेत आणि प्रत्येकीला करायचं वेगळं आहे. डॉक्टरांकडे यासाठी ठरलेले प्रश्न असतात, कोलंबिया स्केल म्हणून एक जगभर वापरतात, त्यात असंच एकेक पायरी विचारत जातात. मला ते स्केल माहीत नव्हतं, मला मारुती माहीत होता.

आणि नाशकात आजवर एकाही माणसाने असं म्हटलेलं मी ऐकलं नाही की कुठपर्यंत आलंय विचारू नका, विचारल्याने पूर येईल.

पण इथे मात्र सगळे तेच मानतात. विषय काढला तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल. मी शिक्षिका आहे म्हणून यावरचा एक अभ्यास मला फार जवळचा वाटला. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २३४२ मुलांवर तो केला होता, २००५ साली छापून आला. अर्ध्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दलचे प्रश्न घातले, अर्ध्यांच्या नाही. दोन दिवसांनी परत बघितलं तर ज्यांना विचारलं होतं त्यांची अस्वस्थता जास्त झालेली नव्हती, आणि जी मुलं आधीच डिप्रेशनमध्ये होती ती, विचारल्यावर, न विचारलेल्यांपेक्षा कमी अस्वस्थ होती. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. त्या खोलीतून बाहेर पडताना मला पहिल्यांदा भूक लागली होती. नणंदेने मला तिथल्याच कँटीनमध्ये साबुदाणा खिचडी खाऊ घातली आणि मी अख्खी प्लेट संपवली.

त्या डॉक्टरने औषध लिहून दिलंच, पण अजून एक केलं. ओपीडीच्या कागदाच्या मागच्या बाजूला माझ्याकडूनच लिहून घेतलं, माझ्या अक्षरात. पाणी चढायला लागलं हे मला कशावरून कळतं? (मी लिहिलं, आंघोळ पुढे ढकलते आणि मुलीच्या बोलण्याकडे लक्ष लागत नाही.) तेव्हा एकटीने काय केलं की तासभर निघतो? (गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणं, जुन्या पेपरातली गणितं सोडवणं.) कुणाजवळ जाऊन नुसतं बसता येईल? कुणाला खरं सांगता येईल? कुठल्या डॉक्टरला, कुठल्या नंबरवर फोन करायचा? आणि घरातल्या कुठल्या वस्तू दुसऱ्या कुणीतरी सांभाळायच्या? हे शेवटचं तिने नवऱ्याला बोलावून घेऊन, माझ्यासमोर, मला विचारून ठरवलं. माझ्यासमोर, हे महत्त्वाचं.

याला सेफ्टी प्लॅन म्हणतात हे नंतर कळलं. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी ही पद्धत बसवली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागांत १६४० पेशंटवर तिचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून असा कागद लिहून घेतला आणि घरी गेल्यावर फोन करून चौकशी केली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत जिवाला धोका करून घेण्याचे प्रकार नेहमीच्या उपचारांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. कागद, पेन आणि फोन. वेळ म्हणाल तर साधारण अर्धा-पाऊण तास लागतो.

फोन मलाही आला. नऊ दिवसांनी, दुपारी स्टाफरूममध्ये होते. "ताई, ओपीडीतून बोलतेय, आत्ता बोलायला जमेल का?" समुपदेशक होती. झोप कशी आहे, गोळीने तोंड कोरडं पडतंय का, तो कागद कुठे ठेवलाय? मी म्हटलं पर्समध्ये. "बरं. पुढच्या बुधवारी येताय ना?" दोन मिनिटं असतील. फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं. कुणाच्या तरी रजिस्टरमध्ये माझं नाव होतं, आणि त्या नावापुढे कुणीतरी तारीख टाकून ठेवली होती.

या फोनचं मोल मोजलेलंसुद्धा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यातलं एक ठिकाण आपलं चेन्नई होतं. प्रयत्न करून हॉस्पिटलात आलेले १८६७ लोक. त्यातल्या अर्ध्यांना नेहमीचे उपचार, आणि बाकीच्यांना त्याशिवाय तासभर बसून समजावलं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ जणांनी जीव दिला होता, विचारपूस केलेल्या गटात २ जणांनी. २००८ मध्ये हे छापून आलं. त्याच्याही कितीतरी आधी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढचे उपचार सोडून दिलेल्या पेशंटना पाच वर्षं नुसती पत्रं पाठवली, दोन-तीन ओळींची, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, अशा अर्थाची. काही मागणं नाही, येऊन जा असंही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले.

हे मी का सांगतेय, तर आपल्याकडे लगेच म्हणतात की मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार. खरंय, कमी आहेत. राज्य सरकारची मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे, नाशिकहून जवळ म्हणाल तर ठाणं. आणि २०२२ साली, माझ्याच त्या वर्षी, देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. एवढ्या सगळ्यांच्या वाट्याला तज्ज्ञ येणार नाही. पण त्या रात्री मला तज्ज्ञ नको होता. मला त्या मुलीने फाईल मिटायच्या ऐवजी स्टूल ओढून "कधीपासून वाटतंय?" असं विचारायला हवं होतं, आणि मग, "मी डॉक्टरांना सांगणार आहे, पण तोपर्यंत इथेच आहे." दोन वाक्यं. ती वाक्यं तिला कुणी दिली नव्हती. सबंध राज्यातल्या डॉक्टरांच्या आणि बीएस्सी नर्सिंगच्या परीक्षा घेणारं आरोग्य विद्यापीठ आपल्याच नाशिकच्या म्हसरूळला आहे. प्रॅक्टिकलला इंजेक्शन देऊन दाखवावं लागतं, बीपी घेऊन दाखवावं लागतं. तसंच समोरच्याने 'जगावंसं वाटत नाही' म्हटल्यावर पुढचं वाक्य बोलून दाखवायला का लावू नये? हात थरथरतो म्हणून इंजेक्शन शिकवायचं सोडत नाहीत ना.

माझ्यानंतर तीनच महिन्यांनी, १० ऑक्टोबर २०२२ ला, टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाईन सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलतात. माझ्या कागदावर पेनाने मी तो नंबर नंतर घातला. दोनदा लावलाय. हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता पाणी चढल्यासारखं वाटत असेल तर तो लावा, किंवा शेजारच्या खोलीत जो कुणी असेल त्याला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मी आता बरी आहे का? बरीच बरी आहे. गोळी अजून एक चालू आहे, शाळा चालू आहे, समीकरणं पूर्ण होतात. अधूनमधून पाणी येतं.

घरी मी मारुतीचं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, त्या रिक्षात सुचलेलं. नवरा सुरुवातीला अवघडला, त्याला त्या रात्रीच्या पडद्याची लाज वाटायची, त्याने सही केली त्याची. मग एक दिवस कंपनीतून त्याचा मेसेज आला, एकच शब्द, "कुठपर्यंत?" मी लिहिलं, "घोट्याला." तेव्हापासून ते चालूच आहे. कधी रोज विचारतो, कधी आठवडाभर विसरतो. सासूबाई तर सकाळी देवपूजा झाली की ताम्हण हातात असतानाच विचारतात, मुलीला वाटतं आजीला नदीची फार काळजी आहे.

मागच्या पावसाळ्यात एकदा मी "कमरेला" असं लिहिलं होतं. तो सातपूरला कंपनीत पोचला होता, गेटवर कार्ड लावायचं बाकी होतं. तो तिथूनच गाडी वळवून आला, रेनकोट भिजलेला, हेल्मेट हातात, आणि दारातच विचारलं, "चढतंय का उतरतंय?" मी म्हटलं, माहीत नाही. मग आम्ही तो कागद काढला, घडीवर फाटत आलाय आता, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. सासूबाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि येऊन आमच्याजवळ बसल्या.